न उतरणारा शीण

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे, विडी कामगारांच्या वस्तीतल्या कुठल्याही छोट्या दवाखान्यात संध्याकाळी जाऊन बसलं, की एक मागणी हमखास कानावर पडते. "डॉक्टर, अंगात त्राणच नाही हो. एक सलाईन लावा." मागणारी बहुतेक वेळा बाई असते, पस्तिशी ते पंचावन्नच्या मधली. आमच्या शेजारच्या अक्कांबरोबर मी अशी दोन-तीनदा गेले आहे. अक्का तेलुगू घरातल्या, लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. ताप नाही, खोकला नाही. रात्री पडून सकाळी उठलं तरी शीण तसाच, एवढीच तक्रार. पाचशे मिलीची बाटली लागली, अक्का तासभर कॉटवर पडून राहिल्या आणि बाहेर येताना म्हणाल्या, "आता बरं वाटतंय."

ग्लुकोजच्या त्या बाटलीत ५ टक्के साखर असते, म्हणजे सगळी मिळून २५ ग्रॅम. पाच-सहा चमचे. घरी दोन कप गोड चहातून तेवढी मिळाली असती. मग बरं कशानं वाटलं? दिवसाउजेडी तासभर आडवं पडता आलं आणि त्या तासात कुणी हाक मारली नाही, यानं वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच. दीर्घ ताणानं संपून गेलेली बाईची ताकद परत कशानं येते, या प्रश्नावर डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, कामगार चळवळ आणि संशोधक आज निरनिराळी उत्तरं देतात. ती उत्तरं कुठून आली, कशावर उभी आहेत आणि सोलापूरच्या बाईपर्यंत किती पोचतात, हे एकत्र मांडून पाहायचं आहे.

शब्दाची वाटचाल

कष्ट न करता येणारा थकवा वेगळा ओळखायला हवा, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 'क्लम' हा शब्द श्रमाशिवाय अंगात वाढणाऱ्या थकव्यासाठी येतो. बोलीतही दमणं आणि गळून जाणं वेगळं. दमलेला माणूस झोपला की उठतो. गळून गेलेल्याला झोप पुरत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरॅस्थेनिया' हे नाव रूढ केलं. आगगाडी, तारायंत्र, वर्तमानपत्रं यांच्या धावपळीत मज्जातंतूंची शक्ती संपते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हा आजार मुख्यतः बुद्धीचं काम करणाऱ्या वरच्या वर्गाचा आहे असं ते मानत. राबणाऱ्यांचा थकवा तेव्हापासूनच हिशेबाबाहेर राहिला. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांनी बायकांसाठी 'विश्रांती उपचार' काढला: कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, दूध आणि पौष्टिक अन्न घ्यायचं, वाचन-लेखन बंद. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांना १८८७ मध्ये हाच उपचार मिळाला आणि त्यातून त्यांची अवस्था आणखी बिघडली. १८९२ मधली त्यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा त्या अनुभवातून आली. थकलेल्या बाईला केवळ निजवून ठेवलं की ती बरी होते, या समजुतीला बसलेला तो पहिला मोठा धक्का.

'बर्नआऊट' हा आजचा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल वापरला. पुढे कॅलिफोर्नियात ख्रिस्तिना मास्लाक यांनी सुसान जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: भावनिक शक्ती आटणं, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दल मन कोरडं होणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआऊटची व्याख्या जवळपास हीच आहे. मात्र तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. तो कामाच्या जागेशी जोडलेला प्रकार आहे आणि आयुष्याच्या इतर भागांतल्या अनुभवाला हा शब्द लावू नये, असंही स्पष्ट नोंदवलं आहे.

स्वीडननं वेगळी वाट धरली. तिथे २००५ पासून दीर्घ ताणानं येणाऱ्या गळाठ्याला स्वतंत्र निदान मिळालं. किमान सहा महिने ओळखता येईल असा ताण हवा, ही अट आहे. पण तो ताण नोकरीतलाच हवा असं नाही, घरातलाही चालतो. तिथे हे निदान होणाऱ्यांत बायका जास्त आहेत. घराचा ताण धरायचा की नाही, हा दोन व्याख्यांमधला फरक कागदावर बारीक दिसतो. आपल्या गावात आला की तोच मुख्य प्रश्न होतो.

काम कुठे संपतं, घर कुठे सुरू होतं

अक्कांचा दिवस जवळून पाहिला की हे लक्षात येतं. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे उठून स्वयंपाक, मग कात्रीनं पानं मापात कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान उचलायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडून बंद करायचं. हजार विड्यांसाठी हेच हजार वेळा, मान खाली घालून. मधेच कुकरची शिट्टी, नातवाचं रडणं, दारावर कुणी आलेलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही; चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, आणि पाण्याच्या दिवशी पानं बाजूला ठेवून पिंप, घागरी, बादल्या सगळं भरून घ्यावं लागतं. माल कारखान्यात नेऊन दिला की तपासणारा छाट काढतो. छाटीत गेलेल्या विड्यांचं पान गेलं, तंबाखू गेला, वेळ गेला.

यातली 'कामाची जागा' कोणती आणि 'घर' कोणतं? हजेरीची वेळ नाही, सुट्टीची घंटा नाही. व्याख्या म्हणते, कामापासून मन दूर जाणं हे बर्नआऊटचं लक्षण. अक्कांचं काम त्यांच्या मांडीवरच असतं.

हे घडण्यामागे शहराचा इतिहास आहे. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून सोलापूर गिरण्यांचं गाव झालं, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुरुषांचं काम यंत्रमागावर किंवा हंगामी मजुरीवर आलं आणि अनेक घरांत विडीचा पैसा हाच भरवशाचा पैसा झाला. कामगार संघटना शहरातल्या विडी कामगार बायकांची संख्या साठ-सत्तर हजार सांगतात. म्हणजे ज्या बाईला आपण 'घरी बसून दोन पैसे मिळवते' म्हणतो, ती पुष्कळदा घर चालवत असते.

घरकामाचं वजन आता सरकारी आकड्यांतही दिसतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना आढळल्या, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या देखभालीचा वेळ यात नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार बायकांच्या या कामाला 'दुसरी पाळी' म्हटलं होतं. विडीच्या घरात दोन्ही पाळ्या एकाच वेळी चालतात.

बायका पुरुषांपेक्षा जास्त 'बर्नआऊट' होतात का, यावरही एकमत नाही. १८३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये झालं. त्यात बायकांमध्ये भावनिक थकवा थोडा जास्त आणि पुरुषांमध्ये मनाचा कोरडेपणा थोडा जास्त निघाला. फरक लहान होता. पण असे अभ्यास पगारी नोकऱ्यांतले असतात. त्यांच्या प्रश्नावलीत अक्कांना बसवायला जागा नाही.

रक्ताचा पक्ष

पहिलं आणि सगळ्यात साधं उत्तर देणारे म्हणतात, आधी रक्त तपासा. त्यांच्या बाजूला भक्कम पुरावा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रात ५४.२ टक्के, आणि आधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. अर्ध्याहून जास्त बायकांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटकच कमी असेल, तर मनाच्या गोष्टी नंतर बोलू, हे म्हणणं रास्त आहे.

हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. असा साठा कमी असलेल्या आणि थकव्याची तक्रार करणाऱ्या १९८ बायकांवर झालेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवडे लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला होता. या एका प्रयोगात दोन गोष्टी आहेत: लोहाचा खरा परिणाम, आणि कुणीतरी तक्रार ऐकून घेऊन उपचार सुरू केल्याचाही परिणाम.

रक्त कमी का झालं, हे विचारणं याच पक्षात येतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या; १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. पाळीत अति रक्त जाणं, अंगावरून पांढरं जाणं हे 'बाईच्या जातीला असतंच' म्हणून सोडून दिलं जातं. याची दुसरी, भयंकर बाजू २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात उघडी पडली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यातल्या कितीतरी बायका दर हंगामाला सोलापूरच्या साखर कारखान्यांच्या फडांवर येतात. खाडा पडू नये म्हणून अवयवच काढून टाकायचा, इथवर थकव्याचा 'इलाज' गेला होता.

थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, क्षय, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल आणि मोडणारी झोप, हे सगळंही याच यादीत. विडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: दिवसभर हाताळलेल्या तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आणि धुळीतून अंगात जातं, आणि मळमळ, डोकेदुखी, अशक्तपणा ही त्याचीच लक्षणं आहेत. वर मिश्रीची सवय असेल तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा.

अक्कांचं हिमोग्लोबिन शेवटी तपासलं तेव्हा ८.६ निघालं. किती वर्षं असंच चाललं होतं, कोण जाणे. गोळ्या सुरू झाल्या, आणि चहाबरोबर घेऊ नका, जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर घ्या, हेही कुणीतरी पहिल्यांदा समजावून सांगितलं.

गोव्यानं घातलेला पेच

रक्ताच्या पक्षाला सगळ्यात गंभीर प्रश्न विचारला तो गोव्यातल्या एका अभ्यासानं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या २,४९४ बायकांची पाहणी केली. ती २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या थकव्याची तक्रार १२.१ टक्के बायकांनी केली. तिचा संबंध हिमोग्लोबिनशी सापडला नाही. तो सापडला मनाच्या अस्वास्थ्याशी, गरिबीशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या शाब्दिक व लैंगिक हिंसेशी.

मला हा अभ्यास या सगळ्या विषयाचा सांधा वाटतो. बाई 'थकले' म्हणते तेव्हा तिला जे सांगायचं असतं त्यासाठी दुसरा शब्द वापरायची मुभा तिला नसते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. नवरा शिव्या देतो हे दवाखान्यात सांगता येत नाही. हातपाय गळतात हे सांगता येतं. पण यावरून रक्तक्षयाचं महत्त्व कमी ठरत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. एका भागातली ती पाहणी आहे, आणि निम्म्या बायका रक्तक्षयी असलेल्या समाजात कमी हिमोग्लोबिन इतकं सगळीकडे पसरलेलं असू शकतं की थकलेली आणि न थकलेली यांत फरक उरू नये. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच बाईच्या बाबतीत खरं असायला काहीच हरकत नाही.

मनाच्या बाजूचा एक वाद संशोधकांत अजून पेटलेला आहे. बर्नआऊट म्हणून जे मोजलं जातं ते मुळात नैराश्यच आहे, असं रेंझो बियांकी आणि अर्विन शोनफेल्ड मांडतात. वेगळं नाव दिल्यानं उपचार लांबतो, हा त्यांचा आक्षेप. मास्लाक यांच्या परंपरेतले लोक म्हणतात, नैराश्य सगळ्या आयुष्यावर पसरतं, बर्नआऊटची मुळं कामाच्या रचनेत असतात. दोन्हीला एक केलं की मालकाची जबाबदारी सुटते आणि बाईच्या हातात गोळी येते. दोघांचीही भीती खरी आहे.

वादात न अडकता उपचाराकडे पाहिलं तर पुन्हा गोवाच पुढे दिसतो. 'संगाथ' संस्थेच्या प्रयोगात मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. भर होता तो आयुष्यातून गळून पडलेल्या, जिवाला बरं वाटणाऱ्या गोष्टी थोड्या-थोड्या करून परत सुरू करण्यावर. २०१७ मधल्या निकालात या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ३९ टक्के. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदतात. मन मोकळं करायचं ते ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत, म्हणून स्थानिक बाईनं स्थानिक बाईशी बोलण्याची ही पद्धत मला इथे विशेष मोलाची वाटते. २०२२ पासून सुरू असलेली १४४१६ ही टेलिमानस सेवाही अनेक भारतीय भाषांत आहे. पण खोलीत सासू, नवरा, मुलं असताना फोनवर बोलायचं कुठे, ही अडचण राहतेच.

थकलेल्या ग्रंथींचा बाजार

ताणाचा शरीरावरचा परिणाम कल्पनेतला नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसं उत्तर देतं याचं वर्णन केलं. ब्रूस मॅक्इवेन यांनी १९९३ पासून साठत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. सतत सावध राहण्याची किंमत रक्तदाब, साखर, झोप, स्मरण यांना मोजावी लागते.

या खऱ्या शास्त्राच्या आडोशाला 'ॲड्रिनल फटीग' नावाची एक समजूत फोफावली. ताणानं मूत्रपिंडावरच्या ग्रंथी दमतात आणि अमुक पूरक औषधांनी त्या ताज्या होतात, असं सांगितलं जातं. ५८ अभ्यास तपासणाऱ्या २०१६ मधल्या एका आढाव्यात याला आधार सापडला नाही आणि ग्रंथीविकारतज्ज्ञांच्या संघटना हे निदान मानत नाहीत. या ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार आहे. आपल्याकडे क्षय हे त्याचं एक कारण, आणि चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडच्या 'ताकदीच्या' गोळ्या एकदम बंद करणं हे दुसरं. अश्वगंधेवर काही लहान प्रयोग झाले आहेत आणि त्यांत ताण व झोपेवर थोडा फायदा दिसतो. मात्र थायरॉइड, यकृताचे आजार आणि गरोदरपण यांत ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. टॉनिकच्या बाटलीबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

भार उतरवा म्हणणारे

तिसरा पक्ष म्हणतो, बाईला काय द्यायचं हे नंतर पाहू, तिच्यावरून काय काढायचं ते आधी ठरवा. कामाच्या मागण्या आणि त्या पेलायला मिळणारी साधनं यांचा तोल गेला की माणूस आटतो, ही २००१ मध्ये एव्हान्जेलिया डेमेरौटी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चौकट आज सर्वांत जास्त वापरली जाते. उपायांच्या २५ अभ्यासांचा २०१० चा आढावा सांगतो, की फक्त व्यक्तीवर काम करणाऱ्या उपायांचा गुण सहा महिन्यांपर्यंत दिसतो. कामाची रचनाही बदलली तर तो वर्षभर आणि पुढेही टिकतो. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ४६ हजारांहून अधिक ब्रिटिश कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, ताण-नियोजनाची शिबिरं, ॲप यांत भाग घेणारे इतरांपेक्षा बरे असल्याचं त्यांना दिसलं नाही. योगवर्ग घेणाऱ्यांचं यावरचं उत्तर असं, की रोज नियमानं केलेला योग आणि कंपनीनं लावलेलं एक शिबिर यांची बरोबरी करू नये. तेही बरोबर आहे.

महाराष्ट्रात हा पक्ष सर्वांत ठळकपणे मांडला तो आशा सेविकांनी. सुमारे ७० हजार आशा २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला संपावर गेल्या. मोबदला हा मुख्य मुद्दा. पण ऑनलाइन कामाचा बोजा आणि वेळ-अवेळ न पाहणारी कामं, हेही त्यांच्या मागण्यांत होतं. २०२४ मध्येच पुण्यात २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं पत्र जाहीर झालं आणि कामाच्या तासांची चर्चा देशभर झाली. त्या चर्चेत विडी वळणारी बाई नव्हती.

सोलापुरात भार उतरवण्याचा एक खरा प्रयोग घरांच्या रूपानं झाला. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून कुंभारीला विडी कामगारांची १० हजार घरं उभी राहिली, गोदूताई परुळेकर यांच्या नावानं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायकांना मिळाली. शेजारी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. स्वतःचं घर, दाराला कडी, भाडेवाढीची धास्ती नाही: ताण कमी करणारी यापेक्षा मोठी गोष्ट मला सुचत नाही. दुसरीकडे, शहरापासूनचं अंतर, बसचा खर्च, मुलांची शाळा हे नवे भारही त्याबरोबर आले. घर मिळाल्यानं थकवा किती उतरला, हे वीस वर्षांच्या अंतरानं मोजण्यासारखं होतं.

ताकद परत येते तेव्हा

बरं होण्याच्या शास्त्रात सगळ्यांना मान्य असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. झोप सुधारली की बाकीचं सुधारू लागतं. पडून राहणं एवढ्यानं भागत नाही. हळूहळू वाढवलेली हालचाल उपयोगी पडते. संशोधक सबिन सोनेनटाग यांच्या कामातून चार गोष्टी पुढे आल्या: कामापासून मन पूर्ण सुटणं, सैलावणं, आवडीचं काही शिकणं-जमवणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. त्यांनीच एक अवघड निरीक्षणही मांडलं आहे. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्याच्याकडून ती सर्वांत कमी घेतली जाते. आपल्याकडच्या कुठल्याही आईला हे पटवून द्यावं लागणार नाही.

एक धोक्याची सूचना इथे आवश्यक आहे. थोडं काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग अक्षरशः कोसळतं, असा अनुभव असेल, तर तो बर्नआऊट नसून एमई/सीएफएस हा दीर्घ थकव्याचा वेगळा आजार असू शकतो. त्यात ठरवून व्यायाम वाढवत नेण्यानं नुकसान होतं. ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेनं २०२१ मध्ये तसा व्यायाम सुचवणं थांबवलं. 'हालचाल करा, बरं वाटेल' हा सल्ला सरसकट देऊ नये तो यासाठी.

किती काळ लागतो? स्वीडनमध्ये विशेष केंद्रात उपचार घेतलेल्यांना सात वर्षांनी विचारलं, तर जवळजवळ निम्म्या जणांना थकवा होताच आणि बहुतेकांची ताण सोसायची ताकद आधीसारखी राहिली नव्हती. पगारी रजा, चांगले दवाखाने असलेल्या देशातली ही गोष्ट. महिनाभरात ताकद परत देण्याचं आश्वासन देणाऱ्याशी बोलताना हा आकडा मनाशी ठेवावा. आणि जी बाई वर्षभरानंतरही 'अजून पहिल्यासारखं नाही' म्हणते, तिच्यावर आळसाचा शिक्का मारू नये.

अजून अडलेलं

सर्वांत मोठी फट अशी, की बरं होण्यावरचं जवळजवळ सगळं संशोधन पगारी रजा घेऊ शकणाऱ्यांवर झालं आहे. रजाच नसलेल्या, नगावर मजुरी मिळणाऱ्या, घरातच काम करणाऱ्या बाईनं भार किती आणि कसा कमी करावा? हजारच्या सातशे विड्या केल्या तर मजुरी तेवढी घटते, आणि तेवढ्या तुटीचाही ताण येतोच. जीएसटी आल्यावर विडीवरचा कल्याण उपकर गेला. त्यातून चालणाऱ्या दवाखान्यांचं आणि शिष्यवृत्त्यांचं पुढे काय, हा प्रश्न संघटना विचारत आहेत. विडीचाच खप कमी व्हावा हे सार्वजनिक आरोग्याचं धोरण, आणि विडी गेली तर या बायकांनी खायचं काय हा चळवळीचा सवाल. दोन्हींच्या मधे उभ्या असलेल्या बाईला पर्यायी काम कोणतं, याचं उत्तर कुठल्याच बाजूकडे पक्कं नाही.

मोजायचं कशानं, हेही अडलेलंच आहे. रक्त आठ-सहावरून अकरावर आलं, हा एक निकाल. प्रश्नावलीतले गुण उतरले, हा दुसरा. अक्कांच्या घरात गोळ्यांबरोबर आणखी एक गोष्ट झाली होती. पाण्याच्या दिवशी पिंप भरायचं काम मुलानं अंगावर घेतलं, आणि दुपारी जेवणानंतर अर्धा तास दार लावून पडायचं, हे सुनेनं ठरवून टाकलं. गुण कशाचा, मला सांगता येत नाही. सहा महिन्यांनी मी विचारलं, आता कसं आहे? हिमोग्लोबिनचा आकडा त्यांच्या लक्षातही नव्हता. म्हणाल्या, "रात्री पानं भिजत घालताना आधी रडू यायचं. आता येत नाही."